काळ्या रानात घर बांधताय? तडे नंतर बुजवण्यापेक्षा पायातच टाळा. खड्ड्यापासून स्लॅबपर्यंत काय बघावं, याची सविस्तर माहिती

दिवाळी झाली, सोयाबीनचे पैसे हातात आले की गावोगावी घरांच्या पायाभरणीला सुरुवात होते. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणी भावकीतल्या वाटणीनंतर शेतात वस्ती करायची ठरवलेली असते, तर कुणी मुलाच्या लग्नाआधी दोन खोल्या वाढवायच्या म्हणून घाई करत असतो. घर उभं राहतं, रंग लागतो, वास्तुशांत होते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो, दार चौकटीला घासायला लागतं, मधल्या खोलीतली फरशी फुगून वर येते.

मग गवंडी सिमेंटला नावं ठेवतो, मालक गवंड्याला आणि शेजारी वास्तूच्या दिशेला. खरं कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. तिथं एकदा चूक झाली की वरून कितीही गिलावा मारला तरी तडा पुन्हा उघडतो. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड या पट्ट्यात आणि सोलापूर-विदर्भाच्याही काळ्या जमिनीत घर बांधणाऱ्यांनी काय बघावं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

काळी आणि पांढरी

जुन्या लोकांनी गावाचे दोन भाग मानले होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिकाला उत्तम असलेली माती भिंतीला वैरीण असते, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. आता गावठाणात जागा उरली नाही. रस्त्याकडेचे प्लॉट आणि शेतातल्या वस्त्या सगळ्या काळीवर आल्या आहेत. वस्ती काळीवर गेली, पण पाया मात्र पांढरीवर घालायचे तसाच तीन-चार फुटांचा घातला जातो. घोळ इथेच होतो.

पांढरी आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. गावठाणातली माती शेकडो वर्षांच्या पडक्या घरांची भर असते. तिच्यात जुना आड, बुजवलेलं पेव, उकिरड्याची जागा किंवा राखेचा थर निघू शकतो. अशा जागी पायाचा एक कोपरा आला तर घर तेवढ्याच कोपऱ्यात खचतं. त्यामुळे पाया आखण्याआधी गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारावं, "इथं आधी काय होतं?" या चौकशीला पैसे लागत नाहीत.

काळी माती नेमकं काय करते?

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. हीच उघडझाप घराखालीही चालू असते. भिंतीला बाहेरून पाऊस लागतो, पण घराच्या मधल्या भागाखालची माती पावसापासून झाकलेली असते. म्हणून कडेची माती एका वेगाने हलते आणि मधली दुसऱ्या वेगाने. घर सगळीकडून सारखं वर-खाली झालं असतं तर फारसं बिघडलं नसतं. एक बाजू उचलली आणि दुसरी जागेवर राहिली, म्हणून भिंत तिरकी फाटते.

ही हालचाल वरच्या थरात जास्त आणि खाली जाईल तशी कमी होते. साधारण ३ ते ३.५ मीटर, म्हणजे १० ते १२ फुटांखाली ओलावा बारा महिने जवळपास सारखा राहतो. त्यामुळे तीन-चार फुटांवर काळीतच ठेवलेला पाया हलत्या मातीतच राहतो.

आधी खड्डा घ्या, मग नकाशा काढा

घराच्या जागेत दोन विरुद्ध कोपऱ्यांवर खड्डे घ्यावेत. जेसीबी शेतात आलेलाच असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. काळी किती खोल आहे, तिच्याखाली चुनखडीचा थर आहे की पिवळी माती, पक्का मुरूम किती फुटांवर लागतो आणि पाणी कुठे दिसतं, हे लिहून ठेवावं. दोन खड्ड्यांत मुरूम वेगवेगळ्या खोलीवर लागला तर ती धोक्याची खूण समजावी. अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळीवर बसलं तर मधून फाटणार हे नक्की.

माती किती फुगते हे घरीही तपासता येतं. पायाच्या खोलीवरची माती वाळवून, बारीक कुटून, पिठाच्या चाळणीने चाळून घ्यावी. एकसारख्या दोन उभ्या काचेच्या भांड्यांत सारखी माती टाकावी. एका भांड्यात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतून नीट ढवळावं आणि २४ तास ठेवावं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलच्या भांड्यात मातीचा थर १० खुणांचा आणि पाण्याच्या भांड्यात १५ खुणांचा झाला, तर माती ५० टक्के फुगली. एवढी किंवा जास्त फुगणारी माती घराला त्रासदायक मानावी. प्रयोगशाळेत हीच चाचणी मोजपात्राने करतात. मोठं घर किंवा दोन मजले बांधायचे असतील तर ती इंजिनिअरकडून रीतसर करून घ्यावी.

पाया: तीन परिस्थिती, तीन मार्ग

पहिली परिस्थिती: पक्का मुरूम पाच-सहा फुटांत लागतो. इथे विचार करायचं कारणच नाही. काळी पूर्ण काढून फुटिंग मुरमावर ठेवावं. निदान सहा इंच ते एक फूट मुरमात घुसावं. सगळे खड्डे त्याच थरावर गेले पाहिजेत. "चार खड्ड्यांना लागला, दोनला नाही लागला, चालतंय" असं चालत नाही.

दुसरी परिस्थिती: काळी आठ-दहा फूट किंवा त्याहून खोल आहे. इथे अंडर-रीम्ड पाइल हा मार्ग आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठीच ही पद्धत विकसित केली. जमिनीत साधारण ३.५ मीटर खोल गोल भोक पाडून तळाशी ते कांद्यासारखं रुंद करतात. हा फुगवटा वरच्या भोकाच्या सुमारे अडीच पट रुंद असतो. त्यात सळई आणि काँक्रीट भरलं की खांब खालच्या न हलणाऱ्या मातीत गच्च धरून बसतो. खांबांच्या डोक्यावरून प्लिंथ बीम फिरवतात. बीमखाली साधारण ८ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंचांची फट मोकळी सोडणं मात्र विसरू नये. माती फुगली तर ती फटीत फुगेल, बीमला वर ढकलणार नाही. अनेक ठिकाणी मजूर ही फट "मोकळी दिसते" म्हणून माती भरून बंद करतात आणि सगळा खर्च वाया जातो.

तिसरी परिस्थिती: काळी खोल आहे, पण पाइलचा खर्च झेपत नाही आणि घर एकमजली, हलकं आहे. अशा वेळी पायाखालची काळी काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा, साधारण एक मीटर जाडीचा थर दाबून भरतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा थरावर मोठं काम केलं आणि कालव्यांच्या बांधकामातही ती पद्धत वापरली गेली. सगळे कॉलम खालून बीमने एकमेकांना बांधून घेणं इथे गरजेचं आहे. थर किती जाड घ्यायचा हे घराचं वजन आणि माती बघून इंजिनिअरने ठरवावं.

तिन्ही मार्गांना लागू असलेल्या काही गोष्टी:

- खड्डे खोदून पावसात उघडे ठेवू नयेत. भिजलेल्या तळावर फुटिंग टाकू नये. भिजलेला थर काढून कोरड्या, टणक तळावर पीसीसी करावी.
- फुटिंगच्या बाजूने परत भरताना तीच काळी ढकलू नये. मुरूम भरावा. काळी शेतात नेऊन टाकावी, तिथे ती सोन्यासारखी आहे.
- प्लिंथ बीम टाळू नये. "जोत्यात दगड आहे की, बीम कशाला" हा सल्ला काळ्या जमिनीत महागात पडतो.

जोत्यातली भर: फरशी इथेच फुगते

भिंतींना तडा नाही पण फरशी फुगली, अशी तक्रार असेल तर जोत्यात काळी भरलेली आहे असं समजावं. पाया खोदताना निघालेली माती आतच लोटून मोकळं व्हायची सवय गावात आहे. खोल्यांच्या आतली निदान वरची दोन-अडीच फूट काळी काढून मुरूम भरावा. तोही एकदम चार ट्रॉल्या ओतून नाही. सहा ते नऊ इंचांचा थर, थोडं पाणी, धुमस, मग पुढचा थर. नुसतं पाणी सोडून भर बसवण्याची पद्धत काळीवर उलटी पडते, कारण ते पाणी खाली मुरून तीच माती फुगवतं.

जोत्याची उंची रस्त्यापेक्षा निदान दोन फूट ठेवावी. गावातला रस्ता दर काही वर्षांनी नवा थर चढून उंच होतो आणि घर खड्ड्यात जातं, हे ध्यानात घ्यावं.

पाणी आणि झाड

काळ्या जमिनीत घराभोवतीचं पाणी सांभाळलं तर निम्मी लढाई जिंकली. घराच्या चारी बाजूंनी तीन-चार फूट रुंद पक्का कोबा बाहेरच्या उताराने करावा. स्लॅबचं पाणी पाइपने उतरवून लांब सोडावं, भिंतीच्या मुळाशी पडू देऊ नये. मोरीचं आणि भांडी घासायचं सांडपाणी एकाच कोपऱ्यात मुरत राहिलं की तो कोपरा बारा महिने फुगलेला राहतो. शोषखड्डा करावाच, पण पायापासून दूर आणि उताराच्या बाजूला. हौद, नळाचा स्टँडपोस्ट, जनावरांची दावण भिंतीला खेटून नकोत.

झाडाचंही तसंच. कडुलिंब, पिंपळ, चिंच ही झाडं उन्हाळ्यात खोलवरून पाणी ओढतात आणि घराच्या त्याच बाजूची माती आकसते. झाड मोठं झाल्यावर जेवढं उंच होईल, साधारण तेवढं अंतर ठेवावं. अंगणात सावली हवीच असेल तर लहान जातीचं झाड लावावं.

माल घरी तपासता येतो

सिमेंट: पोत्यावर कोणत्या आठवड्यात किंवा महिन्यात भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट स्लॅब-कॉलमला वापरू नये. हात घातला तर आत थंड लागावं, गुठळ्या नसाव्यात. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून रचू नयेत. खाली फळ्या टाकाव्यात.

वाळू: काचेच्या उभ्या बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवावं. तीन तास ठेवावं. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे १० सेंटिमीटर वाळूवर ८ मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ दिसला तर ती वाळू धुऊन घ्यावी, नाहीतर परत पाठवावी. क्रश सँड घेतली तर ती काँक्रीटची धुतलेली सँड आहे की नुसती डस्ट, हे बघून घ्यावं.

वीट: दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. तीन फुटांवरून पक्क्या जमिनीवर सोडली तर तुकडे होऊ नयेत. वाळलेली वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवावी. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर वीट कच्ची. विटेत चुनखडीचे पांढरे खडे दिसले तर तो माल घेऊ नये. ते खडे ओल लागली की फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. बांधायच्या आधी विटा भिजवाव्यात, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते.

पाणी: जे पाणी माणूस पिऊ शकतो ते बांधकामाला चालतं. मचूळ, खारट बोअरचं पाणी काँक्रीटला वापरू नये, त्याने सळई आतून गंजते.

सळई: वजन करून घ्या

सळईच्या वजनाचा साधा हिशेब आहे. जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं. एक मीटरचं वजन किलोत येतं. १२ मीटरच्या पूर्ण सळईचं वजन असं भरायला हवं:

- ८ मिमी: सुमारे ४.७ किलो
- १० मिमी: सुमारे ७.४ किलो
- १२ मिमी: सुमारे १०.७ किलो
- १६ मिमी: सुमारे १९ किलो

मानकाप्रमाणे ८ आणि १० मिमीला ७ टक्के, तर १२ आणि १६ मिमीला ५ टक्के फरक चालतो. दहा सळया एकत्र काट्यावर टाकल्या की माल पूर्ण जाडीचा आहे की हलका, लगेच कळतं. अंगावर, म्हणजे मालासकट ठेका दिला असेल तर हा काटा मालकाने स्वतः बघावा.

सळई बांधताना या गोष्टी डोळ्यांनी तपासाव्यात:

- कॉलमच्या रिंगांची टोकं आत, कॉलमच्या पोटात वळलेली असावीत (१३५ अंश). नुसती काटकोनात वाकवलेली रिंग भूकंपात उघडते.
- रिंगांचं अंतर बीमजवळ, म्हणजे कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ४ इंच असावं. मधल्या भागात नकाशात दिलं असेल तसं.
- सळईवर सळई जोडताना जोड जाडीच्या ५० पट: ८ मिमीला १६ इंच, १० मिमीला २० इंच, १२ मिमीला २४ इंच, १६ मिमीला ३२ इंच. सगळे जोड एका रेषेत नकोत. कॉलममध्ये जोड मधल्या उंचीवर घ्यावा.
- कव्हर ब्लॉक लावावेत: फुटिंगला ५० मिमी, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २०. खडीचा तुकडा किंवा फरशीचा कपचा सरकतो आणि सळई प्लेटला चिकटते. पुढे तीच सळई गंजून स्लॅबची पापडी पाडते.
- छज्जा आणि गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला हवी. काँक्रीट टाकताना मजूर तिच्यावर पाय देतात आणि ती खाली दबते. सेंट्रिंग काढताच छज्जा मोडून पडतो, त्याचं एक मोठं कारण हेच. खाली आधाराच्या खुर्च्या लावाव्यात आणि चालायला फळ्या टाकाव्यात.

काँक्रीट: जास्त पाणी म्हणजे कमी ताकद

घराच्या आरसीसी कामाला निदान एम-२० काँक्रीट हवं. त्याचं सर्वसाधारण प्रमाण १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी. घमेल्याने मोजलं की प्रमाण दर वेळी बदलतं. आतून १ फूट लांब, १ फूट रुंद आणि १५ इंच उंच लाकडी खोकं करून घ्यावं. त्यात बरोबर एका पोत्याएवढं माप बसतं. एका पोत्याला दीड खोकं वाळू आणि तीन खोकी खडी.

आता पाणी. एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजुरांना पातळ माल पसरवायला सोपा जातो म्हणून ते नळीच धरून उभे राहतात. पण जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आत पोकळ्या ठेवून जातं. स्लॅब गळण्याचं मूळ तिथेच असतं. माल पातळ करण्यापेक्षा व्हायब्रेटर भाड्याने आणावा.

कॉलममध्ये पाच फुटांपेक्षा उंचीवरून काँक्रीट ओतू नये. खडी खाली आणि पाणी वर राहतं. कॉलमच्या मुळाशी खडी उघडी, मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसली तर वरून गिलावा मारून झाकू देऊ नये. इंजिनिअरला दाखवून दुरुस्त करून घ्यावं.

पाणी मारणं: उन्हाळ्यातला स्लॅब आणि टँकर

साध्या ओपीसी सिमेंटला निदान ७ दिवस आणि पीपीसीला निदान १० दिवस ओल हवी. आपल्याकडच्या कडक उन्हात दोन्हींना १४ दिवस धरून चालावं. बाजारात आता बहुतेक पीपीसी मिळतं, पोत्यावर वाचून घ्यावं. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा" पाणी मारलं आणि दुपारी काँक्रीट पांढरं पडलं, तर ती ओल धरायची नाही. कॉलमला गोणपाट गुंडाळावं. स्लॅबवर मातीचे किंवा मसाल्याचे वाफे करून पाणी तुंबवावं.

हिशेब आधीच करावा. ६०० चौरस फूट स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायचं तर १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८०० लिटर एका वेळी लागतं आणि रोज उन्हाने कमी झालेलं भरावं लागतं. एप्रिल-मेमध्ये बोअर आटलेली असेल तर हा टँकरचा खर्च आधी धरावा. पाण्याची सोय नसेल तर स्लॅब हिवाळ्यात घ्यावा. पाण्यावाचून वाळलेल्या काँक्रीटला नंतर कितीही पाणी मारलं तरी गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही.

पायाच्या कामावर मात्र बेतानेच पाणी मारावं. फुटिंगला ओलं गोणपाट पुरतं; खड्डा विहिरीसारखा भरू नये.

सेंट्रिंग काढायची घाई नको

सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो लवकर काढायला बघतो. मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या (सुमारे १५ फूट) स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस आणि त्याहून लांब बीमला २१ दिवस. ही मुदत साध्या सिमेंटची आहे. पीपीसीला आणि थंडीच्या दिवसांत ती वाढवावी. घरच्या स्लॅबला निदान १४ दिवस आणि बीमला २१ दिवस असं ठेक्यातच लिहून घेतलं तर वाद राहत नाही.

किल्लारीचा धडा विसरू नये

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद, हे त्या मृत्यूंचं मोठं कारण होतं. भिंत जाड होती, पण दगड एकमेकांना धरून नव्हते. त्या वेळी हा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये मानक बदललं आणि तो तिसऱ्या क्षेत्रात आला.

त्यातून शिकायचं ते एवढंच, की घर एका पेटीसारखं बांधलेलं असावं. कॉलम नसलेलं, भिंतींवरचं घर असेल तर:

- जोत्याच्या पातळीला आणि दार-खिडक्यांच्या डोक्यावर, सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारी आरसीसी पट्टी घालावी. निदान तीन इंच जाड, त्यात १० मिमीच्या दोन सळया आणि सहा इंचांवर रिंगा. नुसत्या खिडकीपुरता तुकडा म्हणजे पट्टी नव्हे.
- दार-खिडकी भिंतीच्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवावी.
- कोपऱ्यांत पायापासून स्लॅबपर्यंत एक उभी सळई सोडावी.
- दगडी भिंत असेल तर मातीऐवजी सिमेंटचा मसाला वापरावा आणि थोड्या-थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावेत.
- चार इंची भिंतीवर स्लॅबचं वजन देऊ नये.

कॉलमचं घर असेल तर भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारावी. तिथे पडणारी उभी बारीक भेग टळते.

"पुढं वरचा मजला चढवू"

हे वाक्य प्रत्येक घरी असतं, पण ते गवंड्याला स्लॅब झाल्यावर सांगितलं जातं. वरचा मजला चढवायचा असेल तर फुटिंग आणि कॉलम आजच त्या वजनाचे काढावे लागतात. एका मजल्याच्या पायावर नंतर दुसरा मजला आणि त्यावर पाण्याची मोठी टाकी चढवणं म्हणजे बैलगाडीत ट्रकचा माल भरणं. वर सोडलेल्या सळया उघड्या गंजू देऊ नयेत; त्यांच्यावर कच्च्या काँक्रीटचं आवरण करून ठेवावं, काम काढताना ते फोडता येतं.

कागदावर काय असावं?

घरकुल योजनेत सपाट भागात केंद्राच्या निकषाप्रमाणे १ लाख २० हजार रुपये आणि निदान २५ चौरस मीटर (सुमारे २७० चौरस फूट) घर, असं गणित आहे. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे फोटो काढून मिळतात. हप्ता लवकर पडावा म्हणून जोतं घाईने उरकलं जातं, आणि काळ्या जमिनीत तोच टप्पा सर्वांत नाजूक असतो. फोटोत जोत्याची उंची दिसते, खाली काय भरलंय ते दिसत नाही. घर लाभार्थ्याचं आहे. तडा पडल्यावर हप्ता परत येत नाही. पंचायत समितीतल्या गृहनिर्माण अभियंत्याला खड्डे उघडे असतानाच बोलवावं. पैसे कमीच असतील तर एक खोली कमी करावी, वरचं पीओपी आणि महागडी फरशी पुढच्या वर्षावर टाकावी. पायात मात्र काटकसर करू नये.

ठेका तोंडी असला तरी एका वहीवर एवढं लिहून दोघांनी सह्या कराव्यात: फुटिंगची खोली आणि आकार, सळईची जाडी आणि संख्या, काँक्रीटचं प्रमाण, पाणी कोण मारणार आणि किती दिवस, सेंट्रिंग कधी निघणार, कोणत्या टप्प्याला किती पैसे. शेवटचा थोडा हिस्सा एक पावसाळा काढल्यावर द्यायचं ठरलं तर उत्तम.

तडा दिसलाच तर

प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्यावर केसासारख्या, जाळीसारख्या भेगा म्हणजे गिलावा लवकर वाळला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा आणि एका टोकाला रुंद होणारा तडा म्हणजे पाया हलला. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. त्यावर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवावी. पट्टी तुटली तर हालचाल चालूच आहे असं समजावं. हालचाल थांबेपर्यंत तडा बुजवण्यात अर्थ नाही. आधी त्या बाजूचं पाणी बघावं: मोरी, फुटलेला पाइप, छपराचं पाणी, शोषखड्डा. रुपयाचं नाणं सहज आत जाईल एवढा तडा झाला, कॉलम किंवा बीमला तडा गेला, अथवा स्लॅब खाली वाकलेला दिसला, तर त्या खोलीत झोपू नये आणि लगेच इंजिनिअरला दाखवावं.

मालकाने स्वतः हजर राहायचे सहा दिवस

१. खड्ड्याच्या तळाला मुरूम लागला का, ते बघायचा दिवस.
२. फुटिंगची जाळी आणि कॉलमच्या रिंगा बांधून झाल्यावर, काँक्रीटच्या आधी.
३. जोत्यात भर टाकताना, काळी आत जाते का यावर लक्ष ठेवायला.
४. लिंटेल पट्टीच्या दिवशी, ती सगळीकडे अखंड आहे ना हे बघायला.
५. स्लॅबच्या दिवशी, पाण्याच्या बादल्या मोजायला आणि छज्जाची सळई वर आहे का ते बघायला.
६. सेंट्रिंग काढायच्या दिवशी, वहीतली तारीख घेऊन.

बाकी दिवस शेतातली कामं असतात, रोज साइटवर थांबणं कुणालाच जमत नाही. पण हे सहा दिवस पेरणीच्या दिवसासारखे समजावेत. पेरणी चुकली तर पुढच्या हंगामात सुधारता येते. काळीत चुकलेला पाया सुधारायचा तर घराखालीच पुन्हा खोदावं लागतं.